रेम्ब्रांटने काढलेला शहाजहान

रेघोटी:

पंधरा दिवस झाले, एका चित्राची छापील प्रत मी टेबलावर भिंतीला टेकवून ठेवली आहे. वहीच्या पानाएवढा पिवळसर कागद आणि तपकिरी शाई. त्यात शहाजहान बादशहा आणि त्याचा लाडका मुलगा दारा शुकोह. जामा, पटका, पागोटं, एकचश्मी (बाजूने दिसणारा, एकाच डोळ्याचा) चेहरा, सगळं मुघल दरबारातल्या चित्रात असतं तसं. काढणारा मात्र आग्र्याचा नाही, ॲमस्टरडॅमचा. सतराव्या शतकातला डच चित्रकार रेम्ब्रांट.

मला हे इतक्या उशिरा कळलं याची हळहळ वाटते. सत्तावीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसणाऱ्या मुलांना ‘रेम्ब्रांट म्हणजे छायाप्रकाश’ एवढं एका वाक्यात सांगून पुढे गेले. ‘नाइट वॉच’ दाखवलं, म्हातारपणची आत्मचित्रं दाखवली. पण या माणसाने मुघल लघुचित्रं समोर ठेवून ती हाताने उतरवून घेतली, आणि त्यातली तेवीस रेखाटनं आजही शिल्लक आहेत, हे मला ठाऊकच नव्हतं. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये, ॲमस्टरडॅमला, पॅरिसला, रोटरडॅमला अशी ती विखुरलेली आहेत. माझ्या टेबलावर आहे ते लॉस एंजेलिसच्या गेटी संग्रहालयातलं. २०१८ साली तिथे यातली वीस रेखाटनं मुघल चित्रांच्या शेजारी ठेवून प्रदर्शन भरलं होतं.

ही रेखाटनं साधारण १६५६ ते १६६१ मधली. तेव्हा त्याच्या घरात काय चाललं होतं ते आधी सांगते. १६३९ मध्ये त्याने तेरा हजार गिल्डरचं (गिल्डर म्हणजे तिथलं नाणं) मोठं घर घेतलं, त्याचं देणं कधी फिटलंच नाही. बायको सास्किया १६४२ मध्ये गेली. १६५६ च्या जुलैमध्ये त्याला दिवाळखोरी पत्करावी लागली. सरकारी कारकून खोल्याखोल्यांतून फिरले आणि घरातल्या वस्तूंची ३६३ नोंदींची यादी केली. चित्रं, पुतळे, हत्यारं, शिंपले, प्रवाळ, छापचित्रांच्या (कोरलेल्या पत्र्यावरून कागदावर छापलेल्या चित्रांच्या) वह्या. त्या यादीत एक नोंद आहे, ‘नवलाईच्या लघुचित्रांनी भरलेली वही’. ही मुघल चित्रांची वही असावी असं अभ्यासकांना वाटतं. मग लिलाव झाले, १६५८ मध्ये घरही विकलं गेलं. तो रोझनग्राख्त या कालव्यावर भाड्याच्या घरात राहायला गेला. १६६० च्या अखेरीस त्याची सोबतीण हेंड्रिक्ये आणि मुलगा टिटस यांनी मिळून चित्रांचा व्यवसाय आपल्या नावावर केला आणि रेम्ब्रांटला त्यात कामाला ठेवलं, म्हणजे त्याच्या कमाईवर सावकारांचा हात पडू नये.

अशा दिवसांत हा माणूस शहाजहानच्या दाढीची कड काढत बसला होता, आणि तीही जपानी कागदावर. तो कागद डच ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून यायचा, महाग असायचा. आपल्या छापचित्रांच्या निवडक प्रतींसाठी रेम्ब्रांट तो वापरायचा. उगीच गिरवायला कुणी असा कागद घेत नाही.

आता मला जे म्हणायचं आहे ते. या काळातला रेम्ब्रांटचा हात कसा होता? मोकळा, जाड, धाडसी. रंगचित्रात रंगाचे थरावर थर. शाईने काढताना बोरूच्या बोथट टोकाने चार फटकारे, आणि माणूस उभा. सगळा युरोप ज्या फटकाऱ्यासाठी त्याला ओळखतो, तो इथे त्याने बाजूला ठेवलाय. रेघ बारीक आहे, सावकाश आहे. नाकाचा उतार, ओठांची घडी, कानाजवळून उतरणारी दाढी, सगळं समोरच्या चित्रकाराच्या चालीने चाललंय. कपड्यांशी आल्यावर मात्र हात थोडा सुटतो. जाम्याच्या घेरात, पायाखालच्या सावलीत आपला ओळखीचा रेम्ब्रांट परत येतो. मुघल चित्रात पायाखाली सावली नसतेच म्हटलं तरी चालेल, याने ती घातली. एकाच पानावर दोन हात दिसतात, एक शिकणारा आणि एक शिकलेला.

तेव्हा तो पन्नाशीचा होता. त्याच्याकडून शिकून कितीतरी चित्रकार बाहेर पडले होते. आणि तो, ज्याचं नावही त्याला माहीत नसेल अशा दूरच्या चित्रकाराची रेघ गिरवत बसला. आम्ही वर्गात विचारायचो, ‘बघून काढलंस का?’ ते रागवायला. पण बघून काढणं म्हणजे काय असतं ते या कागदावर दिसतं. दुसऱ्याने कुठे थांबून श्वास घेतला, तिथे आपणही थांबायचं.

आणखी एक गोष्ट मनातून जात नाही. १६५७ मध्ये शहाजहान आजारी पडला, मुलांत लढाई पेटली. १६५८ मध्ये औरंगजेबाने बापाला आग्र्याच्या किल्ल्यात कोंडलं, १६५९ मध्ये दाराला मारलं. त्याच वर्षी इकडे प्रतापगडाखाली अफझलखान पडला. रेम्ब्रांटच्या कागदावर मात्र बाप आणि मुलगा अजून एकत्र आहेत.

आता व्हिएन्ना. तिथल्या शोनब्रुन राजवाड्यात एक दालन आहे, ‘मिलियनांचं दालन’ म्हणतात. अठराव्या शतकात, ऑस्ट्रियाची सम्राज्ञी मारिया तेरेसाच्या काळात सजवलेलं. रोजवुडच्या भिंती, त्यात सोनेरी वेलबुट्टीच्या साठेक वेड्यावाकड्या चौकटी, आणि त्या चौकटींत मुघल लघुचित्रं. ती चौकटीत नीट बसावीत म्हणून राजघराण्यातल्या मंडळींनी कात्रीने कापली आणि तुकडे जोडून नवीन देखावे केले. रेम्ब्रांटचं एक रेखाटन आहे, झाडाखाली बसलेले चार मौलवी, ते ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्याच मांडणीचं मुघल चित्र या दालनाच्या भिंतीवर आहे.

साधारण शंभर वर्षांत युरोपातल्या दोन घरांत एकाच प्रकारची चित्रं पोचली. एका घरात पैसे नव्हते, तिथे ती रेघ न् रेघ वाचली गेली. दुसऱ्या घरात पैशाला तोटा नव्हता, तिथे कात्री चालली. मला हे बोचतं. तुम्हाला काय वाटतं?

वेंगुर्ल्याचा वारा:

रेघोटीताई, वाचून घराबाहेर जाऊन उभा राहिलो. आमच्या वेंगुर्ल्यात डच वखार आहे, सतराव्या शतकातली. आता नुसत्या भिंती उभ्या, आत झाडं. डचांनी ती गोव्याच्या पोर्तुगीजांवर नजर ठेवायला आणि मालाची चढउतार करायला बांधली. सुरतेची वखार त्याहून जुनी, १६१६ ची. मुघल मुलखातला माल डचांच्या जहाजावर चढायचा तो मुख्यतः सुरतेहून. कापड, नीळ, मिरी नेणाऱ्या त्याच लोकांच्या पेट्यांतून चित्रंही गेली असणार. लहानपणी आम्ही त्या वखारीत लपाछपी खेळायचो. भिंतींच्या पलीकडचं टोक ॲमस्टरडॅमच्या त्या घरात होतं, हे तेव्हा कोण सांगणार.

तुम्ही यादीत शिंपले म्हणालात म्हणून एक भर घालतो. १६५० मध्ये रेम्ब्रांटने एका शंखाचं छापचित्र केलंय. काळ्यावर पांढरे ठिपके असलेला शंकूच्या आकाराचा शंख, हिंदी आणि प्रशांत महासागरात सापडणारा. निर्जीव वस्तूचं असं एकट्याचं छापचित्र त्याने आयुष्यात हे एकच केलं. यात गंमत अशी की तांब्याच्या पत्र्यावर काढलेलं कागदावर उलटं उमटतं. सही सुलटी यावी म्हणून त्याने ती पत्र्यावर उलटी कोरली. शंख मात्र समोर दिसला तसाच कोरला. त्यामुळे छापल्यावर शंखाचं वळण उलटं झालं. आपल्याकडे उलट वळणाचा शंख किती दुर्मीळ, त्याला दक्षिणावर्ती म्हणून देवघरात पूजतात. जात वेगळी, पण वळण तेच. आजीकडे एक होता, लाल फडक्यात गुंडाळलेला. ते छापचित्र पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला तोच आठवला.

ग्रंथकीटक:

धागा आवडला, पण एका मुद्द्यावर अडतो. रेम्ब्रांटला मुघलांबद्दल आदर होता असं आपण फार लवकर म्हणतोय का? त्याला बायबलमधले प्रसंग रंगवायचे असायचे. अब्राहम, डेव्हिड, एस्थर. ही माणसं पूर्वेकडची, म्हणून त्याला पूर्वेकडचे कपडे हवे होते. पागोटी त्याला आधीपासून प्रिय होती. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटनमध्ये त्याचं १६३२ चं चित्र आहे, भलंमोठं पागोटं आणि जरीचा अंगरखा घातलेला धिप्पाड माणूस. तो कुठल्याही देशाचा नाही. एखाद्या डच माणसाला कपडे चढवून उभा केलाय.

मुघल चित्रांचा उपयोगही त्याने लगेच केला. १६५६ चंच त्याचं छापचित्र आहे, अब्राहमच्या दारी आलेले देवदूत. देव आणि देवदूत जमिनीवर अंथरलेल्या बैठकीवर बसलेत, पाश्चात्य चित्रात असतात तसे मेजाभोवती नाहीत. ही बैठक थेट त्या चार मौलवींच्या चित्रातून आलेली दिसते. म्हणजे त्याच्यासाठी ही चित्रं कामाचा ऐवज होती. धंद्यातला माणूस होता तो.

रेघोटी:

ग्रंथकीटक, तुम्ही दिलेलं उदाहरणच माझ्या बाजूने बोलतं, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

१६३२ चा तो पागोटेवाला मीही परत काढून पाहिला. पागोटं म्हणजे डोक्यावर रचलेला कापडाचा ढीग, त्यावर उजेड सुंदर पडलाय, पण ते बांधलंय कसं हे त्यात दिसत नाही. आता १६५६ नंतरची रेखाटनं घ्या. कापड कुठून निघालं, कुठे वळलं, कुठे खोचलं हे रेघेरेघेतून कळतं. पटक्याची गाठ कुठे आहे ते दिसतं. चोवीस वर्षांपूर्वी त्याला ‘पूर्वेकडचं काहीतरी’ पुरत होतं. आता पुरेना. हा फरक कपड्यांच्या गरजेने पडत नाही. कपडे तर त्याच्या पेटाऱ्यात ढिगाने होते.

आणि अब्राहमच्या दारचा देव! ते छापचित्र मी कितीतरी वेळा पाहिलं होतं, पण हे डोक्यात आलं नव्हतं. पांढऱ्या दाढीचा देव हातात पेला घेऊन जमिनीवर बसलाय, पाहुण्याने बसावं तसा. मागे भिंतीशी पाठमोरा मुलगा धनुष्य ओढतोय, दाराआडून अब्राहमची बायको सारा ऐकतेय. साक्षात देवाला भुईवर बसवायचं, आणि त्याचा मान जराही उणा होऊ द्यायचा नाही, हे युरोपातल्या चित्रकाराला कुठून सुचावं? जिथे बादशहापासून फकिरापर्यंत सगळे बैठकीवर बसतात, तिथल्या चित्रातून. कामाचा ऐवज म्हणा, पण त्याने त्या ऐवजातून नुसतं पागोटं उचललं नाही, बसण्याची रीत उचलली. त्यासाठी आधी नीट बघावं लागतं.

घोटाई:

मी जुन्या कागदपत्रांची डागडुजी करतो, म्हणून कागदाबद्दल लिहितो.

मुघल चित्राचा कागद म्हणजे वसली. कागदाचे थर खळीने एकावर एक चिकटवायचे, वाळले की अकीकाच्या दगडाने घोटायचे. घोटून घोटून तो हस्तिदंतासारखा गुळगुळीत होतो. शाई त्यात मुरत नाही, वर बसते. म्हणून खारीच्या केसांच्या कुंचल्याची एक केस जाडीची रेघही तुटत नाही. युरोपातला त्या काळचा कागद चिंध्यांच्या लगद्याचा, साच्याच्या तारांच्या खुणा असलेला, खरबरीत. त्यावर पिसाची लेखणी अडखळते, बारीक रेघेला काटे फुटतात.

जपानी कागद झाडाच्या सालीच्या लांब तंतूंचा. तलम, किंचित सोनेरी, पृष्ठभाग रेशमी. ॲमस्टरडॅममध्ये बसून वसलीच्या जवळ जाणारं काही हवं असेल, तर हाच. त्याने महागडा कागद घेतला तो नुसता मानाने नव्हे, त्या रेघेला तसाच कागद लागतो हे त्याच्या हाताला कळलं म्हणून. रेघोटीताई म्हणतात त्या आदराचा मला तरी हा सगळ्यात पक्का पुरावा वाटतो. चित्राची नक्कल डोळ्याने होते, कागदाची नक्कल करायला बोट फिरवून बघावं लागतं.

ब्रिटिश म्युझियममध्ये घोड्यावरचा एक मुघल सरदार आहे, त्यात लाल आणि पिवळ्याचे हलके स्पर्श आहेत. रेम्ब्रांटच्या रेखाटनांत रंग सहसा सापडत नाही. समोरच्या चित्रातला रंग त्याला सोडवला नसावा.

उंबरठ्यावर:

शोनब्रुनबद्दल थोडं वेगळं मत मांडते. कात्री चालली हे वाचून मलाही कसंसंच झालं. पण मुघल दरबारात काय व्हायचं? जुनी चित्रं, इराणी सुलेखनाचे तुकडे, युरोपातून आलेली छापचित्रं, सगळं कापून, कडा जोडून, नवीन हाशिये (भोवतीच्या सजवलेल्या कडा) लावून वह्यांत चिकटवायचे. त्या वहीला मुरक्का म्हणायचे. मुरक्का या शब्दाचा अर्थच ठिगळं लावून जोडलेलं. जहांगीर आणि शहाजहानच्या मुरक्क्यांमध्ये कितीतरी चित्रं मुळाहून मोठी केलेली आहेत, म्हणजे बाजूला आणखी कागद जोडून झाड, टेकडी वाढवलेली. काही आखूड केलेली. तेव्हा ‘मूळ चित्राला हात लावायचा नाही’ ही आपली आजची भावना आहे. ती ना आग्र्यात होती, ना व्हिएन्नात.

आणि भिंतीत जडवल्यामुळे ती चित्रं तिथेच राहिली, फुटकळ विकली गेली नाहीत. रेम्ब्रांटच्या वहीचं काय झालं? लिलावात गेली.

रेघोटी:

उंबरठ्यावर, तुमचं म्हणणं दोन दिवस मनात घोळवलं. मुरक्क्याचं मी विसरले होते, आणि विसरायला नको होतं. कात्रीवरचा माझा राग निम्म्याने उतरला.

निम्मा मात्र राहतो. मुरक्क्यात कापाकापी करणारा माणूस चित्र ओळखत होता. हा अमुक उस्तादाचा हात, ही अमुक ओळ, तिच्या शेजारी काय शोभेल, हाशियातल्या फुलाने चित्रातल्या फुलाला कसं उत्तर द्यावं, हे त्याला कळत होतं. हाशिये करणारे कसबी वेगळे असायचे, सोन्याचं काम करणारे वेगळे. शोनब्रुनच्या चौकटींत एका चित्रातला हत्ती दुसऱ्या चित्रातल्या बागेत येतो, तो चौकटीचा बाक भरून काढायला. दोन्हीकडे कात्रीच आहे, पण तिच्यामागची नजर एक नाही. तरी ‘ती चित्रं जागेवर राहिली’ हा तुमचा मुद्दा मला खोडता येत नाही.

रेम्ब्रांटच्या रेखाटनांचं पुढे काय झालं ते थोडं माहीत आहे. त्यातली बरीच इंग्लंडमध्ये जोनाथन रिचर्डसन या चित्रकाराकडे होती. तो स्वतः व्यक्तिचित्रं रंगवायचा आणि रेखाटनं जमवायचा. १७४५ मध्ये तो गेला. १७४७ च्या विक्रीच्या यादीत ‘रेम्ब्रांटची हिंदुस्थानी रेखाटनांची वही, एकूण २५’ अशी नोंद आहे. म्हणजे जवळजवळ नव्वद वर्षं ती एका जागी टिकली होती. नंतर फुटली.

कालव्याकाठी:

मी गेली अकरा वर्षं नेदरलँड्समध्ये आहे. रेम्ब्रांटचं ते तेरा हजार गिल्डरचं घर आता संग्रहालय आहे. लिलावाच्या यादीवरूनच त्यांनी खोल्या पुन्हा लावल्यात. ज्या कागदाने त्याचं घर गेलं त्याच कागदाने ते परत उभं राहिलं. वरच्या मजल्यावर त्याच्या संग्रहाची खोली आहे. फळ्यांवर शंख, प्रवाळ, भाले, पुतळ्यांची डोकी. तिथे उभं राहिलं की कळतं, हा माणूस ॲमस्टरडॅम सोडून फार लांब कधी गेला नाही, पण जग घरात आणून ठेवत होता. खाली एक जण तांब्याच्या पत्र्यावरून छापून दाखवतो. पत्र्यावर शाई चोळतात आणि मग तळहाताने पुसतात. सगळी नाही पुसायची, किती ठेवायची ते हाताला कळलं पाहिजे.

आणखी एक भारतीय उपखंडाकडचं. १६३७ मध्ये रेम्ब्रांटने काळ्या खडूने हत्तीण काढली आहे. तिचं नाव हान्सकेन. डच कंपनीने श्रीलंकेहून आणलेली, १६३३ मध्ये हॉलंडला पोचलेली. युरोपभर तिचे खेळ करत तिला चालवत फिरवलं. १६५५ मध्ये ती फ्लॉरेन्समध्ये मेली, सांगाडा अजून तिथे आहे. अलीकडे अभ्यासकांनी तोच सांगाडा आशियाई हत्ती या जातीचा अधिकृत नमुना ठरवला. रेखाटनात कातडीच्या सुरकुत्या अशा काढल्यात की बोट लावलं तर खरखरेल. मुघल चित्रांच्या वीस वर्षं आधीही तो असाच बघत होता, हे सांगायला लिहिलं.

तांबडफुटी:

उलट दिशेने काय गेलं तेही यायला हवं. १५७९ च्या अखेरीस गोव्याहून जेझुइट या ख्रिस्ती पंथाचे पाद्री निघाले आणि १५८० मध्ये फत्तेपूर सिक्रीला अकबराकडे पोचले. त्यांनी अँटवर्पला छापलेलं बहुभाषी बायबल भेट दिलं, त्यात तांब्यावर कोरलेली चित्रं होती. अकबराने ते मानाने डोक्याला लावलं असं त्या पाद्र्यांनी लिहून ठेवलंय. दरबारातले चित्रकार या छापचित्रांवर तुटून पडले. अबुल हसन हा पुढे जहांगीरचा सर्वांत आवडता चित्रकार झाला. १६०० साली, तेराव्या वर्षी, त्याने जर्मन चित्रकार ड्यूररच्या छापचित्रातला संत जॉन उतरवला. तो कागद ऑक्सफर्डच्या ॲशमोलियनमध्ये आहे. दुःखाने हात जोडलेला संत, अंगावर वस्त्राच्या जड घड्या. तेरा वर्षांच्या पोराने त्या घड्या अशा समजून घेतल्यात की बघत राहावं.

पुढे जहांगीर-शहाजहानच्या डोक्यामागे तेजोवलय आलं, त्यामागेही हीच पाश्चात्य चित्रं. म्हणजे रेम्ब्रांटच्या हातात जी मुघल चित्रं पडली, त्यांत युरोप आधीच विरघळलेला होता. गोव्याच्या बंदरातून आत गेलेलं सुरतेच्या बंदरातून बाहेर आलं, वेगळं होऊन.

त्याच ॲमस्टरडॅममध्ये विलेम स्खेलिंक्स नावाचा चित्रकार होता. त्याने शहाजहान आणि त्याचे मुलगे तैलरंगात रंगवले. त्यात माणसामाणसांनी रचलेले हत्ती-घोडे आहेत, आपल्याकडे ज्याला नारीकुंजर म्हणतात तसे. तेव्हा रेम्ब्रांट एकटा नव्हता. पण स्खेलिंक्सला नवल दाखवायचं होतं. रेघोटीताई म्हणतात तशी रेघ त्याच्याकडे नाही.

नवीन सभासद ४१:

मी आर्ट कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दोन प्रश्न आहेत. ही रेखाटनं बघायला कुठे मिळतील? आणि शिवाजी महाराजांचं जे जुनं चित्र हॉलंडमध्ये आहे ते याच वाटेने गेलं का?

कालव्याकाठी:

शाईची रेखाटनं उजेडाने उडतात, म्हणून कुठलंच संग्रहालय ती कायम भिंतीवर ठेवत नाही. ब्रिटिश म्युझियम आणि गेटी, दोघांच्याही संकेतस्थळांवर मोठ्या आकारात बघता येतात. मोठं करून बघ, शाई कुठे वाळली आणि कुठे ओली असताना दुसरी रेघ आली तेही दिसतं.

महाराजांचं चित्र ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहे. निकोलस विट्सेन म्हणून ॲमस्टरडॅमचा नगराध्यक्ष होता, त्याच्या संग्रहातल्या वहीत ते आहे. गोवळकोंड्याच्या शैलीतली राजेरजवाड्यांची चित्रं आहेत त्यात. काळ रेम्ब्रांटनंतरचा, १६८० च्या आसपासचा. रेम्ब्रांट १६६९ मध्येच गेला. पण वाट तीच, डच कंपनीची. हिंदुस्थानातल्या राजांचे चेहरे कसे आहेत हे बघायची ओढ त्या गावात टिकून होती.

रेघोटी:

नवीन सभासद, बाळा, नुसतं बघू नकोस, काढ. टाक घे, शाई पातळ कर आणि जमेल तितका गुळगुळीत कागद घे. नसेल तर साधा कागद वाटीच्या बुडाने घोट. आधी चेहरा नको. पागोट्यापासून सुरू कर, कारण त्यात लपवायला जागा नसते. कापडाचं एक टोक धरून त्याच्या मागे जात राहा.

मी स्वतः रविवारी बसले होते. पागोट्याचे पेच मोजून काढले. तिसऱ्या पेचाशी रेम्ब्रांटची रेघ थोडी जाड होते, तिथे त्याने लेखणी परत बुडवली असणार. मीही तिथेच बुडवली. मग कपाळ ते नाक. सहा वेळा काढलं. पाच वेळा मी माझीच रेघ काढत होते. घाईची, फळ्यावरची, सत्तावीस वर्षं मागच्या बाकापर्यंत दिसावी म्हणून काढलेली. सहाव्यांदा हात सावकाश झाला आणि नाकाचा उतार थोडा तरी जवळ आला. कानापाशी आज पोचेन. दाढी अजून लांब आहे.